परीक्षेच्या दिवसांत अर्धा तास शरीरासाठी





दरवर्षी जानेवारी सरत आला की आपल्या शाळेचे मैदान हळूहळू ओस पडू लागते. प्रथम दहावी-बारावीची मुले दिसेनाशी होतात, मग नववीची. होळीपर्यंत मैदानावर फक्त लहान मुले आणि कबुतरे उरतात. सगळे कोठे गेले, हे विचारावे लागत नाही. परीक्षा जवळ आली, एवढे उत्तर पुरते.

आजचा हा पाठ मात्र शाळेतील मुलांपेक्षाही आपल्या शाळेतून बाहेर पडून सूरतच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि पुढच्या वर्षी कॉलेजात जाणाऱ्या बारावीच्या मुलांसाठी अधिक आहे. शाळेत निदान शिट्टी वाजवून मैदानावर बोलावणारे कोणी असते. कॉलेजात ते कोणी करीत नाही. शिवाय आपल्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात सत्र पद्धत आहे. म्हणजे परीक्षेचा मोसम वर्षातून एकदा नव्हे, दोनदा येतो. प्रत्येक वेळी दोन महिने शरीर गुंडाळून ठेवले, तर वर्षाचे चार महिने गेले. तीन वर्षांच्या पदवीत पूर्ण एक वर्ष!

एक चूक, माझीच

प्रथम माझी चूक सांगतो, कारण मुलांना उपदेश करण्याआधी ती सांगणे योग्य होईल.

काही वर्षांपूर्वी काही पालकांनी तक्रार केली की, मुले खेळून घामाने भिजून येतात आणि नंतर वर्गात पेंगतात. परीक्षेच्या वर्षी हे परवडणारे नाही. मला ते पटले. मी परिपत्रक काढले की, १ जानेवारीपासून दहावी व बारावीचा खेळाचा तास बंद, त्याऐवजी जादा अभ्यासाचा तास. खाली माझीच सही होती.

निकाल मागच्या वर्षीसारखाच लागला. फार वर गेला नाही, फार खालीही आला नाही. पण त्या दोन महिन्यांत डोके दुखते म्हणून घरी जाण्याची चिठ्ठी मागणारी मुले वाढली आणि वर्गात क्षुल्लक कारणावरून भांडणे होऊ लागली. ते परीक्षेचे दडपण असेल, असे म्हणून मी सोडून दिले.

पुढे त्याच तुकडीतील एक विद्यार्थी भेटायला आला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होता. शाळेत असताना खो-खोत तो कोणाच्या हाती लागत नसे. आता जिना चढून माझ्या खोलीत आला, तर धापा टाकत होता. म्हणाला, "सर, पेपरला तीन तास सलग बसवतच नाही. दुसऱ्या तासाला कंबर धरते, मग येत असलेलेही सुचत नाही." मी विचारले, "अरे, खेळ का सोडलास?" तो हसला आणि म्हणाला, "बारावीला तुम्हीच बंद केला होता ना सर? तेव्हा सुटला, तो सुटलाच."

त्याने हे रागाने म्हटले नाही, म्हणून मला जास्त लागले. आपण मोठी माणसे समजतो की, दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे, परीक्षा झाली की मूल पुन्हा खेळेल. सवय मात्र तशी वागत नाही. शिवाय त्या परिपत्रकाने एक चुकीचा धडाही मुलांना शिकवला की, अभ्यास हे काम आणि खेळ ही चैन. काम आले की चैन सोडावी.

दुसऱ्या वर्षी मी ते परिपत्रक मागे घेतले.

तापीकाठचा माझा अनुभव

खरे तर मला हे आधीच कळायला हवे होते. माझे शिक्षण मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरकडे, हिंदी माध्यमातून झाले. (माझ्या मराठीत एखादा शब्द हिंदी वळणाचा आला तर सांभाळून घ्यावे.) आपल्या कामरेजवरून वाहणारी तापी पुढे समुद्राला मिळते, तीच तापी तिकडे बुऱ्हाणपूरच्या घाटांखालून वाहते. रोज पहाटे नदीवर जाऊन पोहणे आणि आखाड्यात थोड्या दंड-बैठका, हा माझा क्रम होता. बी. ए.च्या शेवटच्या वर्षी मी निश्चय केला की, आता दोन महिने फक्त अभ्यास. नदी बंद, आखाडा बंद. खाटेवर आडवा पडून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचायचे, झोप आली की चहा प्यायचा.

तिसऱ्या पेपरला मान इतकी आखडली की उत्तरपत्रिकेवर वाकता येईना. आदल्या रात्री तीनदा वाचलेला प्रश्न समोर होता आणि त्याची सुरुवातच आठवेना. घंटा झाल्यावर बाहेर आलो, तोंडावर पाणी मारले आणि सगळे उत्तर ओळीने आठवले. पहिला वर्ग थोडक्यात हुकला. एका माणसाच्या अनुभवावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. पण पुढे एम. ए.ला मी सकाळचे चालणे सोडले नाही, आणि तशी वेळ पुन्हा आली नाही.

टिळकांचे पहिले वर्ष

आता माझ्यासारख्या साध्या माणसाचे उदाहरण बाजूला ठेवू आणि लोकमान्य टिळकांकडे वळू. सूरतेशीही त्यांचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

बाळ गंगाधर टिळक १८७२ साली मॅट्रिक झाले आणि त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहायला गेले. वय अवघे सोळा. त्याच वर्षी वडील वारलेले. बुद्धी तल्लख, पण प्रकृती किरकोळ. या मुलाने ठरवले की, पहिले वर्ष शरीर कमवायचे. तालीम, कुस्ती, पोहणे आणि नदीत होडी वल्हवणे, हाच त्यांचा वर्षभराचा उद्योग होता. परिणाम असा झाला की, पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ते नापास झाले!

मुलांनो, एवढेच वाचून थांबू नका आणि घरी जाऊन "टिळकही नापास झाले होते" असे सांगू नका. पुढे तेच टिळक गणित विषय घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि १८७९ साली एल. एल. बी. झाले. त्या एका वर्षात मिळवलेले शरीर मात्र पुढे आयुष्यभर कामी आले.

१९०७ सालच्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन आपल्या सूरतेत भरले होते. २७ डिसेंबरला जहाल आणि मवाळ यांचा वाद विकोपाला गेला. मंडपात खुर्च्या आणि जोडे फेकले गेले, लोक अंगावर धावून आले. त्या गोंधळात टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून जागीच उभे राहिले. पुढच्याच वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. वय बावन्नाच्या घरात, त्यात मधुमेह. मंडालेचा उन्हाळा कडक. तेथे असतानाच १९१२ साली पत्नी वारल्याची बातमी आली. त्याआधीच १९१०-११ च्या हिवाळ्यात अवघ्या काही महिन्यांत त्यांनी 'गीतारहस्य' हा प्रचंड ग्रंथ पेन्सिलीने लिहून काढला. १९१४ साली ते परत आले आणि पुन्हा कामाला लागले. ही परीक्षा विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षेपेक्षा कठीण होती. तिची तयारी पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या पहिल्या वर्षी झाली होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एक गोष्ट न विसरता सांगितली पाहिजे. टिळकांचे मित्र गोपाळ गणेश आगरकर हेही त्याच डेक्कन कॉलेजचे. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पण आगरकरांचे शिक्षण अत्यंत गरिबीत झाले, दम्याने त्यांना शेवटपर्यंत छळले आणि १८९५ साली वयाच्या अवघ्या ३९व्या वर्षी ते गेले. त्यांच्या ठिकाणी जिद्दीची कमतरता नव्हती. म्हणून ज्या मुलाची प्रकृती मुळात नाजूक आहे, त्याला कोणी आळशी म्हणू नये. ज्याला जेवढे झेपते, तेवढाच त्याचा व्यायाम.

टिळकांचे वर्षभर अभ्यास सोडणे आपण घ्यायचे नाही. अभ्यासासाठी शरीर सोडणे आणि शरीरासाठी अभ्यास सोडणे, दोन्ही टोकेच. आपल्याला हवा आहे फक्त अर्धा तास.

शरीर हालले की डोक्याला काय मिळते?

१. मेंदूचे वजन शरीराच्या साधारण २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळीही तो शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. ती त्याच्यापर्यंत रक्तच पोहोचवते. आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलण्यास मदत करतात. तीन-चार तास एका जागी बसले की हे काम मंदावते, पाय जड होतात आणि सुस्ती येते.

२. भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम वीसेक मिनिटे केला, तर त्यानंतर काही काळ लक्ष थोडे अधिक चांगले लागते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. फरक जादूसारखा नसतो. व्यायामाने न वाचलेला धडा येत नाही, वाचलेला धडा वाचण्यास मदत होते.

३. परीक्षेच्या भीतीने छाती धडधडते, तळहाताला घाम येतो. संकटात पळता यावे म्हणून शरीर करते ती ही तयारी आहे. आपण मात्र पळत नाही, खुर्चीवर बसून राहतो. थोडे चालले, पायऱ्या चढल्या, तर हा ताण उतरायला वाट मिळते.

४. दिवसभरात शरीर थोडे थकले की रात्री झोप चांगली लागते. दिवसा वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास आणि त्यापुढच्यांना निदान सात तास झोप हवी. जागरण करून वाचणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

नुसते बसण्याने काय होते, याचा एक जुना पुरावा प्रसिद्ध आहे. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि कंडक्टर यांची डॉ. जेरेमी मॉरिस यांनी पाहणी केली आणि १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. गाडी एक, रस्ता एक. पण दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. पुढे जगभर या विषयावर खूप अभ्यास झाला आणि हालचालीचे महत्त्व पक्के झाले.

वेळ कोठून आणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्ला असा: पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे आणि अठरा वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. कॉलेजच्या विद्यार्थ्याने रोज ३० मिनिटे दिली, तर आठवड्याची २१० होतात. म्हणजे काम भागले.

आता गणित करू. झोपेचे आठ तास सोडले तर १६ तास उरतात, म्हणजे ९६० मिनिटे. त्यातील ३० मिनिटे म्हणजे सुमारे ३ टक्के. शंभर रुपयांतले तीन रुपये! एवढा खर्च केल्याने कोणी नापास होत नाही. मोबाईल हातात घेतला की अर्धा तास कसा जातो, ते तर आपल्याला कळतही नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

करायचे काय?

* सकाळी १५ मिनिटे. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये ऊन लवकर तापते आणि हवेत दमटपणाही असतो. म्हणून सात वाजण्याच्या आत भरभर चालावे. बरोबरच्याशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवावा. निघण्यापूर्वी आणि आल्यावर पाणी प्यावे.
* खोलीत १० मिनिटे. होस्टेलच्या खोलीत सतरंजीएवढी जागा मिळाली की सूर्यनमस्कार घालता येतात. साताऱ्याकडील औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले होते, कारण त्यास ना साधन लागते, ना पैसा. सावकाश बारा नमस्कार पाच-सहा मिनिटांत होतात.
* दर पाऊण तासाने ३ मिनिटे. उठून उभे राहावे, मान व खांदे फिरवावेत, खिडकीतून लांबच्या झाडाकडे पाहावे, पाण्याची बाटली भरून आणावी. पाठांतराचा भाग चालता चालता म्हटला तरी चालेल.
* बस आणि जिना. कामरेज चार रस्त्याहून कॉलेजला जाणाऱ्यांनी सोयीचे व सुरक्षित असेल तेथे एक थांबा आधी उतरून चालावे. लिफ्ट सोडून जिना घ्यावा.
* पेपरच्या दिवशी दहा मिनिटे सावकाश चालणे पुरे. केंद्राबाहेर उभे राहून प्रश्नसंच चाळण्यापेक्षा ते बरे.

दोन पथ्ये सांभाळावीत. परीक्षेच्या आठवड्यात नवा किंवा जड व्यायाम सुरू करू नये. सवय नसलेल्या व्यायामाने एक ते तीन दिवस अंग दुखते आणि नेमका तेव्हाच पेपर असतो. सवय आधीपासून लावावी. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. दुसरे असे की, ज्यांना दमा, हृदयाचा किंवा इतर जुना आजार आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावे.

मुलींसाठी जागा कोठे?

वरील सर्व वाचून आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, चालायचे ते ठीक, पण आम्ही चालायचे कोठे?" प्रश्न बरोबर होता. मुलगे हायवेच्या कडेने किंवा नदीकडे जाऊ शकतात. मुलगी पहाटे एकटी निघाली तर घरचे काळजी करतात आणि बाहेरचे बघत बसतात. भरधाव ट्रकांची भीती वेगळीच. मग तिच्या वाट्याला गच्चीवरच्या फेऱ्या येतात, त्याही पाणी भरून, भांडी आवरून वेळ उरला तर. आणि घरातल्या कामाला आपण व्यायाम म्हणून मोकळे होतो!

पालकांना माझी विनंती आहे की, परीक्षेच्या दिवसांत मुलाला जसा अभ्यासाला वेळ देता, तसा मुलीलाही द्या, आणि त्यातला अर्धा तास तिच्या स्वतःच्या शरीरासाठी असू द्या. शक्य असेल तर आईनेच तिच्याबरोबर चालावे. दोघींचे भले होईल.

विश्वस्त मंडळास विनंती

आपले कामरेज एके काळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात, म्हणजे गायकवाडी मुलखात होते. त्याच बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर उभे राहिले आणि प्रो. माणिकरावांनी ते नावारूपाला आणले. मराठी माणसे जेथे स्थिरावली तेथे त्यांनी देवळाजवळ तालीमही काढली. आज आपल्याजवळ तालीम नसली तरी मैदान आहे. ते सकाळी बंद असते.

माझी नम्र विनंती अशी की, ऑक्टोबर-नोव्हेंबर व फेब्रुवारी ते एप्रिल या परीक्षेच्या महिन्यांत शाळेचे मैदान सकाळी सहा ते सात उघडे ठेवावे. आजी-माजी विद्यार्थी आणि विशेषतः विद्यार्थिनी यांना तेथे चालण्यास परवानगी द्यावी. फाटकावर एक माणूस लागेल. पहिल्या महिन्यात रोज सकाळी मी स्वतः हजर राहीन. आणि खेळाचा तास परीक्षेच्या नावाखाली पुन्हा कधी बंद होणार नाही, असा ठराव मंडळाने करावा. माझ्यानंतर येणाऱ्या मुख्याध्यापकाने माझी चूक पुन्हा करू नये, म्हणून हा ठराव कागदावर हवा.

स्वाध्याय

१. काल तुम्ही सलग जास्तीत जास्त किती वेळ बसलात? आठवून वहीत लिहा.
२. तुमच्या दिवसातील ३० मिनिटे कोठून काढता येतील? वेळापत्रक करून भिंतीवर लावा.
३. टिळकांनी पहिल्या वर्षी जे केले त्यातले काय घ्यावे आणि काय घेऊ नये? पाच-सहा ओळी लिहा.
४. (पालकांसाठी) गेल्या परीक्षेत "खेळ पुरे, अभ्यास कर" असे किती वेळा म्हणालात? आणि "जरा चालून ये" असे किती वेळा?

हिंदीत म्हण आहे, मराठीतही ती चालते: सिर सलामत तो पगडी पचास. परीक्षा येतील आणि जातील. उत्तरपत्रिका लिहिणारा हात, ताठ बसणारी पाठ आणि शांत डोके ही शिदोरी आयुष्यभर पुरवायची आहे.

सर्व परीक्षार्थींना मनःपूर्वक शुभेच्छा. उद्या सकाळी भेटू.

आपला,
मुख्याध्यापक